उघडताच बंद पडणारा ब्राउझर: काढून परत टाकण्याआधी हे करून बघा

लग्नसराई ऐन भरात होती. टेबलावर अकरा पत्रिकांची प्रूफं पडलेली आणि गिऱ्हाइकांचा सगळा मजकूर व्हॉट्सॲप वेबवर. सकाळी फायरफॉक्सवर डबल क्लिक केलं, खिडकी क्षणभर चमकली आणि गायब. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. अर्ध्या तासात "ताई, प्रूफ कधी देताय?" असे फोन सुरू झाले.

मी इचलकरंजीत डीटीपीचं काम करते, कॉम्प्युटरची डॉक्टर नाही. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, काढ आणि परत टाक." काढला, परत टाकला. तसंच. पुन्हा एकदा केलं. तिसऱ्या खेपेला एका व्हिडिओत सांगितलं म्हणून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या नावाचा आख्खा फोल्डरच डिलीट केला आणि रिसायकल बिनही रिकामं केलं. बारा वर्षांचे बुकमार्क आणि पासवर्ड गेले. ब्राउझर मात्र होता तसाच बंद पडत राहिला.

खरं कारण सापडायला दोन दिवस लागले, आणि ते ब्राउझरमध्ये नव्हतंच. त्या दोन दिवसांत आणि नंतर आसपासच्या चार-पाच जणांच्या मशीनवर जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा आहे. ज्यात काहीच गमवायचं नाही ते आधी, आणि ज्यात माल जाऊ शकतो ते शेवटी.

उदाहरण विंडोजवरच्या फायरफॉक्सचं घेते, कारण माझं भांडण त्याच्याशी झालं. क्रोम आणि एजसाठी वेगळं काय करायचं ते पुढे आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या

ब्राउझर म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक प्रोग्रॅम, जो प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसतो. दुसरं तुमचं प्रोफाइल: बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर), सेटिंग. ते तुमच्या यूजरच्या फोल्डरमध्ये वेगळं राहतं. ब्राउझर काढून परत टाकला की फक्त पहिली गोष्ट बदलते. दुकानाचं शटर नवं बसवलं, आतला माल तोच. बिघाड मालात असेल, किंवा बाहेरून कोणी दुकानात घुसत असेल, तर शटर कितीही वेळा बदला.

जवळ काय हवं

- दुसरा चालणारा ब्राउझर. विंडोज १० किंवा ११ असेल तर एज असतोच. नाहीतर फोन.
- पेन ड्राइव्ह, किंवा डी ड्राइव्हवर दोन-तीन जीबी मोकळी जागा.
- विंडोजचा ॲडमिन पासवर्ड. ऑफिसचं मशीन असेल तर तो ज्याच्याकडे आहे त्याला आधीच सांगून ठेवा.
- कागद आणि पेन. हसू नका. "मघाशी काय बदललं होतं?" हे तिसऱ्या पायरीला कोणालाच आठवत नाही.
- तासभर निवांत वेळ. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे काम करू नका.

१. नेमकं काय होतंय ते लिहून काढा

"ब्राउझर चालत नाही" या एका वाक्यात चार वेगळे आजार दडलेले असतात.

खिडकी चमकून बंद होते, किंवा "मोझिला क्रॅश रिपोर्टर" नावाची छोटी चौकट येते: हा खरा क्रॅश. काहीच होत नाही, नुसता कर्सर फिरतो: प्रोग्रॅम सुरूच होत नाही, किंवा आधीचा मागे अडकून बसलाय. खिडकी उघडते पण गोठते, पान येत नाही: हे अडकणं, याची कारणं बऱ्याचदा नेटवर्कची असतात. खिडकी नीट उघडते पण प्रत्येक पानाच्या जागी चूक झाल्याचा संदेश येतो: इथे ब्राउझर उभा आहे, पानं दाखवणारा त्याचा भाग पडतोय.

आणखी तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. कालपर्यंत चालत होता का? मधे काय नवीन आलं: विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन? आणि कधीतरी चालतो का, की कधीच नाही? तिसरा प्रश्न मी पहिल्या दिवशी स्वतःला विचारला असता तर माझे बुकमार्क वाचले असते. ते पुढे सांगते.

दोष आपल्याकडे नाहीच, असंही क्वचित होतं. १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्स उघडून गोठत होता, एकही पान येत नव्हतं. एका क्लाउड सेवेने आपल्या सर्व्हरवरची एक सेटिंग बदलली आणि फायरफॉक्सच्या नेटवर्कच्या कोडमधली आधीपासून दडून बसलेली चूक जागी झाली. ब्राउझर सुरू होताना मोझिलाच्या ज्या सर्व्हरशी बोलतो, तिथेच तो गोल गोल फिरत राहायचा. काही तासांत सर्व्हरच्या बाजूने दुरुस्ती झाली आणि ब्राउझर बंद करून उघडला की चालू लागला. त्या दिवशी ज्यांनी घाईने फॉरमॅट मारला त्यांचं काय झालं असेल! म्हणून कशालाही हात लावण्याआधी दुसऱ्या ब्राउझरवरून पाच मिनिटं शोधा, आज इतरांचंही हेच रडगाणं आहे का.

२. मागे अडकलेला ब्राउझर बंद करा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. यादीत फायरफॉक्स दिसला तर त्यावर क्लिक करून एंड टास्क. एकापेक्षा जास्त नोंदी दिसल्या तर सगळ्या बंद करा. "फायरफॉक्स आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही" अशा अर्थाचा संदेश येत असेल तर नव्वद टक्के काम इथेच संपतं.

मग मशीन रीस्टार्ट करा. रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच, शटडाउन करून पुन्हा चालू करणं नव्हे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड, प्रिंटर असे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) जुन्याच अवस्थेत परत येतात. रीस्टार्टमध्ये सगळं खरंच नव्याने सुरू होतं.

३. सी ड्राइव्हवर जागा आहे का बघा

ही पायरी लोक उडवतात. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची एक फाइल, पेज फाइल, मेमरीसारखी वापरतं. सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर ती फाइल वाढू शकत नाही, आणि आजचे ब्राउझर सुरू होतानाच भरपूर मेमरी मागतात. मिळाली नाही की पडतात. माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनवर सी ड्राइव्हमध्ये ३०० एमबी उरले होते, बाकी डाउनलोड्समध्ये पाच वर्षांची आधार कार्डं. लोकांची ती कार्डं मशीनवर ठेवणंच चूक, पण तो वेगळा विषय.

किमान दहा जीबी मोकळे करा. "स्पीड वाढवा" छाप व्हिडिओ बघून कोणी पेज फाइल बंद करून ठेवली असेल तर ती परत चालू करा. ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज, परफॉर्मन्स, ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरी, आणि तिथे विंडोजलाच ठरवू देण्याच्या पर्यायावर टिक.

४. प्रोफाइलची प्रत काढा, मगच पुढे जा

इथे थांबा. ही पायरी केल्याशिवाय पाचवी वाचूही नका.

विंडोज की आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत टाइप करा: टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मधे जागा न सोडता. एंटर. उघडलेल्या फोल्डरमध्ये मोझिला, त्यात फायरफॉक्स. हा फायरफॉक्स नावाचा आख्खा फोल्डर कॉपी करून पेन ड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर ठेवा. नावात तारीख घाला.

आतल्या प्रोफाइल्स फोल्डरमध्ये विचित्र आठ अक्षरी नावाने सुरू होणारे एक-दोन फोल्डर दिसतील. तुमचं सगळं त्यातच आहे. "प्लेसेस" नावाच्या फाइलमध्ये बुकमार्क आणि हिस्ट्री. "लॉगिन्स" आणि "की फोर" या दोन फाइलींत मिळून पासवर्ड. दोन्ही हव्यात: एकीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत किल्ली. "बुकमार्क बॅकअप्स" या फोल्डरमध्ये बुकमार्कच्या तारखेवार जुन्या प्रती.

दोन सावधगिऱ्या. कॉपी करताना ब्राउझर पूर्ण बंद असू द्या, नाहीतर फाइल अर्धवट येऊ शकते. आणि तुम्ही प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचा एक मुख्य पासवर्ड) ठेवलेला नसेल तर कुलूप आणि किल्ली दोन्ही त्या पेन ड्राइव्हवर आहेत. तो ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला तुमचे पासवर्ड वाचता येतात. काम झालं की प्रत पुसा किंवा कपाटात ठेवा.

५. ट्रबलशूट मोडमध्ये उघडा

शिफ्ट की दाबून धरा आणि फायरफॉक्सवर डबल क्लिक करा. जुने लोक याला सेफ मोड म्हणतात. एक चौकट येईल, तिच्यात दोन बटणं: ओपन आणि रिफ्रेश फायरफॉक्स. ओपन दाबा. रिफ्रेश दाबलंत तर एक्स्टेन्शन, थीम आणि बदललेल्या सेटिंग पुसल्या जातात. बुकमार्क आणि पासवर्ड राहतात आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये जातो, म्हणजे आभाळ कोसळत नाही. पण आत्ता आपण फक्त तपासतोय. "रिफ्रेश" हा शब्द इतका निरुपद्रवी वाटतो की बोट आपोआप तिकडे जातं.

या मोडमध्ये एक्स्टेन्शन, वेगळी थीम आणि ग्राफिक्स कार्डाची मदत तात्पुरती बंद असते. आता दोन रस्ते.

उघडला तर दोष बहुधा या तिघांपैकी कशात तरी आहे. मेन्यूतून ॲड-ऑन्समध्ये जाऊन सगळी एक्स्टेन्शन बंद करा आणि नेहमीसारखा उघडून बघा. चालला? मग निम्मी चालू करा. पुन्हा पडला तर गुन्हेगार त्या निम्म्यांत. वीस एक्स्टेन्शन असली तरी चार-पाच फेऱ्यांत नाव कळतं. एकेक करत बसलात तर दुपार जाईल.

एक्स्टेन्शन बंद करूनही पडत असेल तर सेटिंग्ज, जनरल, खाली परफॉर्मन्स. "रेकमेंडेड" वाली टिक काढली की खाली हार्डवेअर ॲक्सलरेशनची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची मदत घेण्याची, टिक दिसते. तीही काढा. आता चालला तर रोख ग्राफिक्स ड्रायव्हरकडे, आठव्या पायरीवर उडी मारा.

ट्रबलशूट मोडमध्येही पडला तर पुढे चला.

६. नवं प्रोफाइल करून बघा

विंडोज की आणि आर. चौकटीत इंग्रजीत फायरफॉक्स, एक जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून मोठा पी. एंटर. प्रोफाइल मॅनेजर उघडेल. क्रिएट प्रोफाइल, नाव द्या "चाचणी", आणि ते निवडून सुरू करा.

नव्या प्रोफाइलने ब्राउझर चालला तर प्रोग्रॅम ठणठणीत आहे, तुमच्या जुन्या प्रोफाइलमधली एखादी फाइल बिघडली आहे. वीज जाऊन मशीन धाडकन बंद पडलं की असं होतं. आमच्याकडे लोडशेडिंगच्या काळात हे नित्याचं होतं.

आता जुनं प्रोफाइल लगेच टाकून देऊ नका. त्या फोल्डरमध्ये "सेशनस्टोअर" नावाने सुरू होणारी फाइल आणि फोल्डर असतात, त्यांत मागच्या वेळी उघडे असलेले टॅब असतात. त्यांची नावं बदला, मागे "जुनं" जोडा, आणि जुनं प्रोफाइल पुन्हा उघडून बघा. कधी कधी एखादा टॅबच ब्राउझरला घेऊन पडत असतो. उघडे टॅब जातील, बाकी काही जाणार नाही.

तरीही पडलं तर नव्या प्रोफाइलमध्येच संसार मांडायचा. ब्राउझर बंद करून, काढून ठेवलेल्या प्रतीतून मघाच्या तीनच फाइल नव्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये आणा: प्लेसेस, लॉगिन्स, की फोर. सगळा फोल्डर आणलात तर आजारही सोबत येईल. प्लेसेस आणल्यावर पुन्हा पडायला लागला तर तीच फाइल बिघडली आहे. ती काढा आणि बुकमार्क बॅकअप्समधली ताजी प्रत बुकमार्क मॅनेजरच्या रिस्टोअरमधून घ्या.

प्रोफाइल मॅनेजरमधला सापळा: एखादं प्रोफाइल डिलीट करताना तो विचारतो, फाइलीही पुसायच्या का? "डोन्ट डिलीट फाइल्स" निवडा. नेहमी.

दुसरा सापळा खास काढून-परत-टाकणाऱ्यांसाठी. २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतो. तुम्ही वेगळ्या फोल्डरमध्ये किंवा वेगळ्या प्रकारची आवृत्ती टाकलीत तर ब्राउझर कोरा करकरीत उघडतो आणि लोक कपाळावर हात मारून घेतात. काही गेलेलं नसतं. प्रोफाइल मॅनेजरमधून जुनं निवडलं की झालं. तसंच जुनी आवृत्ती टाकून नव्या आवृत्तीचं प्रोफाइल उघडायला गेलात तर तो अडवतो. त्याने दिलेला इशारा जबरदस्तीने ओलांडू नका.

७. नवं प्रोफाइलही पडलं? मग बाहेरचा हात शोधा

माझं घोडं इथे अडलं होतं.

विंडोजमध्ये काही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात आपला एक तुकडा घुसवतात. अँटिव्हायरस तपासणीसाठी घुसवतो, स्क्रीन रेकॉर्डर चित्र घेण्यासाठी, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर सहीसाठी. आणि आपल्या लोकांच्या मशीनवर आणखी एक पाहुणा हमखास असतो: मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर. प्रत्येक खिडकीत तुम्ही दाबलेली कळ पकडून तिचं मराठी अक्षर करायचं तर त्याला प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शिरावंच लागतं. ब्राउझरची नवी आवृत्ती आली, आतली रचना बदलली, की हा जुना पाहुणा चुकीच्या खोलीत पाऊल टाकतो आणि घरच कोसळतं.

हे एकट्या फायरफॉक्सचं दुखणं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्रोमची ७८ वी आवृत्ती आली. तिने अनोळखी तुकड्यांना पानं दाखवणाऱ्या भागात शिरायला मज्जाव केला. सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन या अँटिव्हायरसच्या जुन्या आवृत्त्या तिथेच शिरायच्या. ज्या कंपन्यांत त्या होत्या तिथे प्रत्येक पान, अगदी सेटिंगचं पानसुद्धा, उघडताच पडायला लागलं.

माझ्या मशीनवरचा धागा असा सापडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू केल्या केल्या सवयीने फायरफॉक्सवर क्लिक केलं, आणि तो उघडला! पाच मिनिटं चालला. बंद करून परत उघडला तर पडला. मधल्या वेळात काय झालं? खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह येऊन बसलं होतं. त्यावर राइट क्लिक, एक्झिट. फायरफॉक्स उघडला. सॉफ्टवेअर सुरू केलं, फायरफॉक्स पडला. तीनदा करून बघितलं, तीनही वेळा तेच. इतका राग आला होता की चहा गार झाला तरी प्यायचं सुचलं नाही.

तुम्हाला असा योगायोग मिळेलच असं नाही, म्हणून शोधायची रीत सांगते.

आधी घड्याळाजवळची चिन्हं एकेक करून बंद करा आणि दर वेळी ब्राउझर उघडून बघा. टायपिंग सॉफ्टवेअर, रेकॉर्डर, क्लिपबोर्डवाले, टोकनवाले. अँटिव्हायरस तात्पुरता थांबवायचा असेल तर पाचच मिनिटं, आणि तपासून झालं की लगेच चालू.

याने कळलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टमध्ये नाव टाइप करून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. ब्राउझर पडला त्या वेळेची लाल खुणेची नोंद शोधा, इव्हेंट आयडी १०००. खाली मजकुरात "फॉल्टिंग मोड्यूल नेम" असं लिहून पुढे एका फाइलचं नाव असतं. ते कागदावर उतरवा. "झुल" असेल तर ती फायरफॉक्सचीच मुख्य फाइल, "एनटीडीएलएल" असेल तर विंडोजची. या दोन नावांवरून फारसं कळत नाही. पण एनव्ही, आयजी, एटीआय किंवा एएमडी या अक्षरांनी नाव सुरू होत असेल तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. आणि अनोळखी नाव असेल तर दुसऱ्या ब्राउझरवर शोधा, कोणत्या सॉफ्टवेअरचं आहे ते कळतं. ब्राउझर पडूनही तिथे नोंद नाही असं होऊ शकतं, कारण फायरफॉक्सचा स्वतःचा क्रॅश रिपोर्टर ती आधीच उचलतो.

गुन्हेगार सापडला की आधी त्याची नवी आवृत्ती मिळते का बघा. नसेल, आणि ते सॉफ्टवेअर सोडणंही परवडत नसेल, तर फायरफॉक्समध्ये एक सोय आहे. ब्राउझर कसाबसा उघडल्यावर पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत अबाउट, दोन टिंबं, थर्ड, आडवी रेघ, पार्टी असं टाइप करा. आत घुसलेल्या बाहेरच्या तुकड्यांची यादी येते आणि प्रत्येकाला अडवण्याचं बटण असतं. अडवून ब्राउझर पुन्हा सुरू करायचा. मी तेच केलं. आता ते सॉफ्टवेअर पेजमेकरमध्ये चालतं, ब्राउझरमध्ये नाही. ब्राउझरमध्ये मी विंडोजचाच मराठी कीबोर्ड वापरते. हात बसायला आठवडा लागला.

८. ग्राफिक्स ड्रायव्हर

लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, डेस्कटॉप असेल तर ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, स्वतःच्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. त्रास ड्रायव्हरच्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डिस्प्ले ॲडाप्टर्सखाली, रोल बॅक ड्रायव्हरचं बटण असतं. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" म्हणणारे फुकट प्रोग्रॅम टाकू नका. त्यांच्यामुळे आणखी बिघडलेली दोन मशीन मी पाहिली आहेत.

ड्रायव्हर जमेना तर हार्डवेअर ॲक्सलरेशन बंदच राहू द्या. पत्रिकांचे मजकूर वाचायला त्याची गरज नाही.

९. आता काढा आणि परत टाका

आता, आणि प्रत हातात असताना. सेटअप फक्त मोझिलाच्या स्वतःच्या साइटवरून. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करू नका, खोटे सेटअप तिथूनच येतात. सेटअप सुरू होताना जुन्या सेटिंग पुसण्याची टिक दिसली तर ती काढून टाका.

विंडोज ७ किंवा ८ असेल तर वेगळं प्रकरण आहे. फायरफॉक्सची ११५ वी ईएसआर (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती आणि क्रोमची १०९ वी, इथपर्यंतच त्या विंडोजची सोबत. ११५ ईएसआरची मुदत मोझिलाने अनेकदा वाढवली, पण ती वाढीव मुदत आहे हे विसरू नका. त्यापुढची आवृत्ती विंडोज ७ वर बसवायचा प्रयत्न करत असाल तर दोष तुमच्या मशीनचा नाही, ती तिथे चालणारच नाही. छापखान्यांत जुन्या प्लेटसेटरमुळे (छपाईच्या प्लेट काढणारं यंत्र) विंडोज ७ अजून टिकून आहे हे मला ठाऊक आहे. त्या मशीनवर बँकेचं काम तेवढं करू नका.

१०. सगळंच पडतंय का?

फक्त ब्राउझरच नाही, फोटोशॉपही अधूनमधून पडतो, दर वेळी वेगळ्या ठिकाणी? मग रॅम तपासा. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक टाइप करा. मशीन रीस्टार्ट होऊन तपासणी होते. ब्राउझर खूप मेमरी वापरतो, म्हणून खराब रॅमचा पहिला बळी अनेकदा तोच ठरतो. डेस्कटॉपला इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा ताकदीचा प्रोसेसर असेल तर मदरबोर्डचं बायोस (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. त्या चिपना जास्त व्होल्टेज जाऊन त्या अस्थिर होतात हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं आणि दुरुस्ती बायोसमधून दिली. बायोसला स्वतः हात लावायची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. मधे वीज गेली तर मशीनच उठणार नाही.

क्रोम आणि एज वापरणाऱ्यांसाठी

पायऱ्या त्याच, जागा वेगळ्या. क्रोमचं प्रोफाइल लोकल ॲपडेटामध्ये, गूगल, क्रोम, यूजर डेटा या फोल्डरमध्ये असतं. आत डिफॉल्ट नावाचा फोल्डर आहे. क्रोम बंद करून त्याचं नाव बदला, "जुनं डिफॉल्ट" करा, आणि क्रोम उघडा. चालला तर दोष प्रोफाइलमध्ये. पण एक फरक लक्षात ठेवा: क्रोमचे पासवर्ड तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. फोल्डर दुसऱ्या मशीनवर नेऊन ते उघडत नाहीत. गूगल खात्यात सिंक चालू असेल तरच निवांत राहा.

ग्राफिक्सचा संशय असेल तर शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, टार्गेटच्या शेवटी, एक जागा सोडून इंग्रजीत दोन आडव्या रेघा, डिसेबल, आडवी रेघ, जीपीयू असं लिहून बघा. याच जागी "नो सँडबॉक्स" लिहायचा सल्ला काही जण देतात आणि त्याने क्रोम उघडतोही. ते दाराची कडीच काढून टाकण्यासारखं आहे: एखादं वाईट पान मशीनपर्यंत पोचू नये म्हणून असलेली भिंत त्याने पडते. तपासायला एकदा केलंत तर लगेच पुसा.

फोनवर एकदम अनेक ॲप उघडताच बंद पडत असतील तर प्ले स्टोअरमध्ये अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) आणि क्रोम, दोन्ही अपडेट करा. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यूच्या चुकीमुळे जीमेलसकट अनेक ॲप पडत होती, आणि याच दोन अपडेटनी ती सुधारली.

मदत मागायची वेळ आली तर

"ब्राउझर कस्टमर केअर नंबर" असं शोधू नका. फायरफॉक्सला फोनवरची मदत नाहीच, त्यामुळे त्या नावाने मिळणारा प्रत्येक नंबर खोटा. समोरचा माणूस गोड बोलतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो आणि बँकेपर्यंत पोचतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

खरी मदत मोझिलाच्या सपोर्ट साइटवर फुकट मिळते, लिहून विचारायची. तिथे क्रॅश आयडी द्या. ब्राउझर उघडत नसला तरी तो सापडतो: चौथ्या पायरीतल्या त्याच फायरफॉक्स फोल्डरमध्ये क्रॅश रिपोर्ट्स, त्यात सबमिटेड. तिथल्या फाइलींच्या नावात बीपी, आडवी रेघ आणि लांबलचक आकडे-अक्षरं असतात, तोच आयडी. फोल्डर रिकामा असेल तर पुढच्या वेळी क्रॅश रिपोर्टरची चौकट आल्यावर रिपोर्ट पाठवण्याची टिक ठेवा. शेवटचे दोन-तीन आयडी, विंडोजची आवृत्ती, इव्हेंट व्ह्यूअरमधलं मोड्यूलचं नाव आणि तुमच्या कागदावरची यादी, काय काय करून झालं त्याची. एवढं पहिल्याच संदेशात दिलंत तर "रीस्टार्ट करून बघितलं का?" हे उत्तर ऐकावं लागत नाही.